ग्रंथपालांना एकत्र बसू द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, कोल्हापूर



हे पत्र आपल्या जिल्ह्यातल्या शालेय ग्रंथपालांविषयी आहे. मुख्य मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. दर महिन्याला एक दिवस प्रत्येक तालुक्यातल्या शालेय ग्रंथपालांना एकत्र बसू द्या आणि तो दिवस त्यांच्या कर्तव्याचा धरा. ज्या शाळेत ग्रंथपालाची जागा नाही किंवा रिकामी आहे, तिथून ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक येऊ द्या. यासाठी नवे पद नको, मुंबईची मंजुरी नको, वेगळा निधीही नको. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल. ग्रंथपालांच्या वेतनाचे, पदमान्यतेचे, अर्धवेळ-पूर्णवेळाचे प्रश्न मोठे आहेत आणि ते शासनाच्या पातळीवरचे आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून आपल्या हातात जे आहे तेवढेच मागतो.

पत्र खुले लिहिण्याचे कारण हे की हा विषय एका कार्यालयाचा नाही, साऱ्या कोल्हापूरचा आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना 1850 सालची. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. आणि 1945 साली, देश अजून पारतंत्र्यात असताना, कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही तो शिकवला जातो. मद्रासचा कायदा 1948 चा, महाराष्ट्राचा 1967 चा. कोल्हापूरचा कायदा झाल्यावर चार वर्षांत संस्थान विलीन झाले, त्यामुळे त्या कायद्याला रुजायला काळ मिळाला नाही. पण लोकांपर्यंत पुस्तक पोचवणे ही राज्यकारभाराची जबाबदारी आहे, असे या मातीतल्या राज्यकर्त्यांनी लेखी मानले होते. याच जिल्ह्यात आज कितीतरी शाळांचे ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारची तीन कुलूपबंद कपाटे असतात, आणि त्यांच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत ते ग्रंथपाल त्या वेळी शिष्यवृत्तीचे अर्ज भरत बसलेले असतात.

शालेय ग्रंथपालाचा दिवस कसा जातो, हे आपल्या कार्यालयाला कागदावर माहीत असेल, पण तो जवळून पाहायला हवा. जून-जुलै पाठ्यपुस्तकांच्या वाटपात जातो. मग यू-डायसची माहिती, आधारची जुळवणी, शिष्यवृत्ती, बसचे पास. एखादे शिक्षक रजेवर असले की बदली तास. परीक्षा आली की पर्यवेक्षण. लिपिकाची जागा रिकामी असेल तर त्याचेही अर्धे काम. या सगळ्यातून वेळ उरला तर देवघेव. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला आपण देवघेवीच्या नोंदवहीवर तारखा टाकायला बसवतो, आणि पुष्कळदा तेवढेही करू देत नाही. अर्धवेळ ग्रंथपालांची तर तऱ्हाच वेगळी. वेळ अर्धा, वेतन अर्धे, आणि मुलांची रांग मात्र पूर्ण.

तरीही मला वाटते की यापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. ग्रंथपाल शाळेत एकटा असतो. गणिताच्या शिक्षकाला शाळेत दुसरा गणिताचा शिक्षक भेटतो, जिल्ह्यात अध्यापक संघ असतो, प्रशिक्षणे असतात. मुख्याध्यापकांचा संघ आहे. प्राथमिक शिक्षकांना केंद्रस्तरीय शिक्षण परिषदा आहेत, तिथे एका शाळेतला प्रयोग दुसऱ्या शाळेत पोचतो. ग्रंथपालाला काही सुचले तर ते तपासून पाहायला समोर कुणी नसते. सहावीतल्या मुलांना शब्दकोश कसा हाताळायला शिकवायचा, फाटलेल्या पुस्तकांचे काय करायचे, सातवीतला मुलगा चित्रांच्याच पुस्तकात अडकला आहे त्याला पुढे काय द्यायचे, हे प्रश्न प्रत्येकाला पडतात आणि प्रत्येक जण आपल्यापुरते उत्तर शोधतो. चंदगडला सापडलेले उत्तर शिरोळला पोचायला रस्ताच नाही.

आणि ग्रंथालयाच्या जगातही हे लोक कुणाचेच नाहीत. सार्वजनिक ग्रंथालये ग्रंथालय संचालनालयाकडे, म्हणजे उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे. शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. जिल्हा ग्रंथालय अधिकारी एका साखळीत, आपण दुसऱ्या साखळीत. महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयेच हजारोंनी आहेत. आपल्या जिल्ह्यातही गावोगावी आहेत, इचलकरंजीच्या आपटे वाचन मंदिरासारखी जुनी आहेत. पण गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आणि त्याच गावच्या हायस्कूलचे ग्रंथपाल कामानिमित्त एकमेकांसमोर कधी बसतच नाहीत. मुलगा तोच, गाव तेच, पुस्तके दोन ठिकाणी आणि दोन्ही ठिकाणी अपुरी.

याची किंमत मुले मोजतात. आधी वाचनाचेच पाहू. पाचवीत येणारी सगळी मुले पाचवीचे वाचू शकतात, असे कुणीच शिक्षक छातीवर हात ठेवून सांगणार नाही. काही अक्षर लावत वाचतात, काही वाचतात पण अर्थ निसटतो. आपल्या जिल्ह्यात त्याला आणखी पदर आहेत. गडहिंग्लजच्या पूर्वेकडे घरात कन्नड बोलणारी मुले आहेत. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या कुटुंबांतली हिंदी आणि तेलुगू बोलणारी मुले आहेत. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून येणारी मुले चार-पाच महिने इथल्या फडांवर असतात. पन्नास-साठांच्या वर्गात भाषेच्या शिक्षकाला प्रत्येकाची पायरी ओळखणे कठीण जाते. ग्रंथपालाला ते जमू शकते, कारण त्याच्यापुढे मूल एकेकटे येते. कोणते पुस्तक नेले, किती दिवसांत परत आणले, पुन्हा तसलेच मागितले की न वाचताच टेबलावर ठेवून पळाले, हे सगळे त्याच्या डोळ्यांपुढे घडते. परीक्षेच्या गुणांत न दिसणारी ही माहिती आहे, आणि आज ती कुणी कुणाला विचारत नाही.

मात्र पायरी ओळखली तरी त्या पायरीचे पुस्तक हाताशी असावे लागते. प्रथम बुक्ससारख्या प्रकाशकांनी पुस्तकांवर वाचनाचे चार स्तर छापायला सुरुवात केली, त्यांच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. पण आपल्या कपाटांतली बहुतेक मराठी पुस्तके अशी नाहीत. माधुरी पुरंदरे यांचे कोणते पुस्तक नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला द्यावे आणि कोणते सहावीतल्या मुलीला, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजच्या मुलाला कोणत्या वयात पेलतो, ‘किशोर’च्या जुन्या अंकांतले कोणते लेखन सातवीला चालेल, याची यादी कुठेच तयार मिळत नाही. ‘किशोर’ 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर खुले केले आहेत. एवढा खजिना आहे, पण त्यातून चाळून काढणार कोण? एका ग्रंथपालाला ते जन्मात होणार नाही. करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळा असे बारा तालुके. प्रत्येक तालुक्यातल्या ग्रंथपालांनी पुस्तके वाटून घेतली, मुलांना देऊन पाहिली आणि महिन्याने आपापली निरीक्षणे टेबलावर ठेवली, तर वर्षअखेरीला जिल्ह्याची स्वतःची, मुलांवर पारखलेली यादी होईल. पुण्या-मुंबईत बसून ती कुणी करू शकणार नाही, कारण मुले इथली आहेत.

आता दुसरी गोष्ट, जी मला अधिक अस्वस्थ करते. आपल्या मुलांना शोध घेणे शिकवलेच जात नाही. प्रकल्प मात्र भरपूर असतात. इतिहासाचा, भूगोलाचा, विज्ञानाचा, जलसुरक्षेचा. प्रकल्प दिला की मूल झेरॉक्सच्या दुकानात जाते, दुकानदार नेटवरून पाच पाने काढून देतो, मूल ती रंगीत कागदावर चिकटवते, आई सुवाच्य अक्षरात मुखपृष्ठ लिहिते आणि शाळा गुण देते. आता दुकानदाराचीही गरज उरली नाही. फोनवर चॅटजीपीटीला विचारले की तो नेटक्या मराठीत उत्तर लिहून देतो, बरोबर की चूक याची हमी न देता. यात मुलांचा दोष नाही. माहिती कुठे शोधायची, दोन ठिकाणी दोन गोष्टी सापडल्या तर काय करायचे, कुणाचे म्हणणे कुणाचे म्हणून कसे लिहायचे, हे त्यांना कोणत्याही तासिकेत कुणी शिकवलेले नाही. विषयशिक्षकाला अभ्यासक्रम संपवायचा असतो. हे काम खरे तर ग्रंथपालाचे. त्याच्या शास्त्राचा तोच गाभा आहे.

आपल्याच मातीतले एक उदाहरण घेतो. शाहू महाराजांचा जन्म कधीचा? 26 जून 1874, असे आज कोणतेही मूल सांगेल. 26 जूनला शासन सामाजिक न्याय दिन साजरा करते, शाळांत भाषणे होतात. पण जुनी पुस्तके उघडली तर काहींत 26 जुलै सापडतो. मग खरे कोणते? चूक कशी झाली, कुणी दुरुस्त केली, कोणत्या कागदाच्या आधारे? दिवाण अण्णासाहेब लठ्ठे यांनी 1924 मध्ये लिहिलेले महाराजांचे चरित्र आहे, धनंजय कीर यांचे आहे, डॉ. जयसिंगराव पवार यांनी संपादित केलेला राजर्षी शाहू स्मारक ग्रंथ आहे, संस्थानाची दप्तरे कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. आठवीच्या वर्गाला हा एक प्रश्न द्या. गटागटाने एकेक पुस्तक पाहू द्या, तारखा फळ्यावर लिहू द्या, ग्रंथाच्या शेवटी सूची कशी असते ते दाखवा, प्रस्तावना वाचायला लावा. ज्या मुलाने आयुष्यात एकदा असा छडा लावला, ते मूल पुढे व्हॉट्सॲपवर आलेला इतिहास मुकाट्याने पुढे ढकलणार नाही. पण ही सारी पुस्तके एका शाळेच्या ग्रंथालयात असतील का? बहुधा नसतील. एकाकडे कीर असतील, दुसऱ्याकडे स्मारक ग्रंथ, तिसरे पुस्तक करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात. चार ग्रंथपाल एकमेकांना ओळखत असतील तरच हा तास होऊ शकतो.

याहून मोठा विषय महापुराचा. 2005, 2019, 2021. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांनी पूर डोळ्यांनी पाहिला आहे, शाळांची कपाटे पाण्यात गेलेली पाहिली आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे पावसाळ्यात इथल्या लहान पोरांच्याही तोंडी असतात. यापेक्षा चांगला संशोधनाचा विषय कुठे मिळणार? राधानगरीच्या शाळेतल्या मुलांना भोगावतीवरच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे कधी आणि कसे उघडतात, ते प्रत्यक्ष पाहता येईल. प्रयाग चिखलीच्या मुलांना नद्या एकत्र येतात ते ठिकाण घराजवळ आहे. नृसिंहवाडीच्या मुलांसमोर पंचगंगा कृष्णेला मिळते. धरणाजवळच्या मुलांनी दरवाजे उघडल्याच्या वेळा नोंदवायच्या, चिखलीच्या मुलांनी पाणी चढल्याच्या, नृसिंहवाडीच्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून भिंतींवरच्या खुणा मोजायच्या, आणि तिन्ही ठिकाणच्या ग्रंथपालांनी त्या त्या वर्षांची वर्तमानपत्रांची कात्रणे एकत्र करायची. आजोबा म्हणतील 2005 चे पाणी जास्त होते, खूण सांगेल 2019 चे. वर्तमानपत्र तिसरेच म्हणेल. अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने पूर वाढतो का, यावर एक म्हणेल हो, दुसरा म्हणेल नाही, आणि मग पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल आहे हे मुलांना कळेल. दहावीपर्यंत यातले निम्मे जमले तरी त्या मुलाला पुराव्याची किंमत कळलेली असेल. एका शाळेच्या आवारात हे होऊच शकत नाही, कारण नदी एका शाळेच्या आवारात मावत नाही.

बाहेरच्या देशांत यावर बरेच काम झाले आहे. अमेरिकेतल्या कॅरोल कुल्थाऊ या आधी शाळेच्या ग्रंथपाल होत्या. 1980 च्या दशकात त्यांनी शोधप्रकल्प करणाऱ्या मुलांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना दिसले ते असे: विषय ठरला की मूल खूश असते, पण वाचायला लागल्यावर जेव्हा परस्परविरोधी गोष्टी समोर येतात तेव्हा त्याचा धीर सुटतो. नेमके त्या टप्प्यावर कुणीतरी जवळ हवे असते, आणि नेमके त्याच टप्प्यावर आपले मूल झेरॉक्सच्या दुकानात जाते. 2016 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी हजारो विद्यार्थ्यांना संगणकावरचा मजकूर पारखायला दिला, तेव्हा माध्यमिकच्या खालच्या वर्गांतल्या 80 टक्क्यांहून अधिक मुलांना बातमी आणि ‘प्रायोजित’ असे लिहिलेली जाहिरात यांतला फरक ओळखता आला नाही. ती मुले संगणकात वाढलेली होती. साधन हातात असणे आणि पारख असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शाळेत मोबाईल आला, आता ग्रंथपालाची काय गरज, असे म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

शाळांनी साधने वाटून वापरावीत ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. उलट ती आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या नावाशी जोडलेली आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. 1966 च्या आयोगाच्या अहवालात शाळा संकुलाची शिफारस आहे: एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातल्या प्राथमिक शाळा जोडायच्या, म्हणजे शिक्षकांचा एकाकीपणा जाईल आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय यांसारखी साधने सर्वांना मिळतील. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हीच कल्पना पुन्हा मांडली आहे. धोरणाची अंमलबजावणी म्हणून आपल्याकडे अनेक अहवाल मागवले जात असतील. ग्रंथपालांची मासिक बैठक ही त्या धोरणाची सर्वांत स्वस्त आणि लगेच होणारी अंमलबजावणी आहे, असे मी खात्रीने म्हणतो.

सहकाराचे तर या जिल्ह्याला शिकवायलाच नको. गोठ्यातले दोन-चार लिटर दूध एकेकट्याने विकून संसार चालत नाही, हे ओळखून 1963 साली इथे जिल्हा दूध संघ उभा राहिला. शाळेशाळेतली दोन-चारशे चांगली पुस्तके अशीच एकेकटी पडून आहेत. ती फिरायला हवीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. पुस्तकांची पेटी एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी ती दुसऱ्याकडे, त्यांची इकडे. त्या पेट्या पुढे परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत गेल्या. दुबईला जाऊ शकणारी पेटी गगनबावड्याला जायला काय हरकत आहे? महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एक पेटी आणायची आणि दुसऱ्याची घेऊन जायची. वाहतुकीचा प्रश्न तिथेच मिटतो. कुणाकडे काय आहे याची एकत्र यादी करायला मोठी आज्ञावलीही लागत नाही. ज्यांना जमेल त्यांनी कोहासारखी विनामूल्य आज्ञावली वापरावी, बाकीच्यांना साधा एक्सेलचा तक्ता पुरे.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती ग्रंथपाल आपल्यासमोर सांगणार नाहीत. त्यांना पुस्तक हरवण्याची भीती वाटते. पुस्तक गहाळ झाले की ते त्यांच्या नावावर. तपासणीत नोंदवही आणि कपाट जुळले नाही तर खुलासा त्यांनी द्यायचा, कधी पैसेही त्यांनीच भरायचे. मग कुलूप हाच सुरक्षित मार्ग ठरतो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले पहिलेच पुस्तकांच्या वापराविषयी आहे, राखणीविषयी नाही. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो, त्यांच्या प्रतिमेला हार घालतो आणि त्याच दिवशी कपाटाला कुलूप लावतो. वापरलेले पुस्तक फाटते, काही हरवतात. दरवर्षी ठरावीक प्रमाणात पुस्तकांचे निर्लेखन सहज व्हावे आणि त्यासाठी ग्रंथपालाला आरोपीसारखे उभे करू नये, एवढे आश्वासन आपल्या परिपत्रकात एका ओळीत आले तर जिल्ह्यातली निम्मी कपाटे आपोआप उघडतील. पुढच्या तपासणीत आपल्या विस्तार अधिकाऱ्यांनी ग्रंथालयात किती पुस्तके आहेत हे विचारण्याआधी गेल्या महिन्यात किती मुलांनी किती नेली हे विचारावे. प्रश्न बदलला की शाळेचे वागणे बदलते, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे.

मुख्याध्यापक म्हणतील, महिन्यातून एक दिवस ग्रंथपाल बाहेर गेला तर शाळेचे काम अडेल. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आहे, म्हणून सांगतो: ग्रंथपालाच्या अभावी जे अडते ते बहुतेक वेळा त्याचे नसलेले काम असते. आणि तसे काही अडलेच, तर त्यातून दिसेल की ते काम कुणाचे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तिथे वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे 2009 पासून लिहिलेले आहे. समग्र शिक्षा अभियानातून शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. कायदा आहे, थोडाफार पैसा आहे, शिकलेली माणसे आहेत. नाही ती त्या माणसांची एकमेकांशी गाठ.

या बैठकांत काय व्हावे हे मी ठरवणे बरोबर नाही, आपणही ठरवू नये. अजेंडा वरून आला की ती आणखी एक आढावा बैठक होते, माहितीचे तक्ते भरून घेतले जातात आणि लोक चहा पिऊन घरी जातात. ग्रंथपालांनाच ठरवू द्या. मला विचाराल तर पहिल्या वर्षी दोनच गोष्टी हाती घ्याव्यात: पायरीनुसार पुस्तकांची यादी, आणि पाचवी ते दहावी कोणत्या इयत्तेत शोध घेण्याचे कोणते कौशल्य शिकवायचे याची एक साधी आखणी. पाचवीत अनुक्रमणिका आणि शब्दकोश, सातवीपर्यंत विश्वकोश आणि एकाच गोष्टीचे दोन आधार ताडून पाहणे, नववीपर्यंत माणसांच्या मुलाखती आणि आधार नोंदवून लिहिणे. मराठी विश्वकोश आता संगणकावर विनामूल्य आहे, त्यामुळे ज्या शाळेत खंड नाहीत तिथेही हे जमेल. या आखणीसाठी प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक ग्रंथालय तासिका हवी, आणि ती वेळापत्रकात अशी लिहिलेली हवी की गणिताचा भाग मागे राहिला म्हणून कुणी ती उचलून नेणार नाही. विषयशिक्षक आणि ग्रंथपाल यांनी निदान एक प्रकल्प तरी मिळून घ्यावा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना एक पत्र पाठवून सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथपालांनाही या बैठकांचे निमंत्रण द्यावे. दोन विभागांतली भिंत मंत्रालयात पडायला वेळ लागेल, तालुक्यात ती एका दुपारी ओलांडता येते.

ग्रंथपाल बंधू-भगिनींनो, हे पत्र साहेबांना असले तरी तुमच्यासाठीही आहे. परिपत्रकाची वाट पाहा, पण नुसती वाट पाहू नका. शेजारच्या शाळेतल्या ग्रंथपालाचा फोन नंबर आजच घ्या. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर तासभर भेटा. तुमच्या कपाटातले एक पुस्तक त्यांना द्या, त्यांचे एक घ्या आणि पुढच्या भेटीत ते कोणत्या मुलाने कसे वाचले ते सांगा.

साहेब, जूनच्या मध्याला शाळा उघडतील. त्याआधी हे परिपत्रक निघावे आणि पहिली बैठक जून महिन्यातच बारा तालुक्यांत एकाच दिवशी व्हावी. बैठक कर्तव्यकाल धरली जाईल, निर्लेखनासाठी ग्रंथपालाला छळले जाणार नाही आणि ग्रंथालय तासिका कुणी काढून घेणार नाही, ही तीन वाक्ये त्यात असावीत. चौथ्या वाक्याची गरज नाही. आपण सही करावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक, कोल्हापूर